५१ रुपयांचं पाकीट केवढं असावं?

गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नाव-गाव देत नाही. मजकूर थोडक्यात असा:

"आमच्या मूळ घरी गौरी-गणपती असतात. मुंबई-पुण्याहून सगळे येतात, घर भरून जातं. मुलंच बारा आहेत. मुंबईच्या मोठ्या जाऊबाई दरवर्षी मुलांना चकचकीत कागदात बांधलेले खोके देतात. मी प्रत्येक मुलाला ५१ रुपये देते, दुकानातल्या साध्या छापील पाकिटात. यजमान बागेत कामाला जातात, मी घरी शिवण करते, याहून जास्त जमत नाही. यंदा पुतण्याचं लग्न झालं. नव्या सुनेचा पहिला ओवसा आहे (नवी सून गौरीपुढे सूप धरून मग ते वडीलधाऱ्यांना देते, ती रीत), तिला ५०१ द्यायचं ठरवलंय. माझी नववीतली मुलगी म्हणते, पाकिटं घरीच करू. तिने मोबाईलवर नोटांची फुलं, नोटांचा केक असं बरंच पाहिलंय. मलाही वाटलं, मोठासा सुंदर डबा केला तर आतली रक्कम तेवढी डोळ्यांत भरणार नाही. पण गेल्या वर्षी मी जुन्या साडीच्या पिशवीतून फणसपोळी दिली, तेव्हा याच जाऊबाई, म्हणजे वहिनी, सगळ्यांसमोर बोलल्या, 'घरी केलं म्हणजे पैसे वाचवले.' ते मनातून जात नाही. दुकानात बरं दिसणारं पाकीट पंधरा रुपयांना एक मिळतं. विकत आणू, घरी करू, की देणंच बंद करू?"

ताई, पाकिटं घरीच करा. पण मोठा डबा करू नका.

आधी डब्याचं बोलू. रक्कम डोळ्यांत भरू नये म्हणून डबा मोठा, असं तुम्ही लिहिलंय. ती नेमकी कुणाच्या डोळ्यांत भरते? सात-आठ वर्षांच्या मुलाला ५१ रुपये मिळाले की त्यात पेन्सिलीचं पाकीट येतं की क्रिकेटचा चेंडू, एवढाच हिशेब तो करतो. मोठा डबा हातात आला की त्याचा अंदाज आधी वाढतो. रिबीन सोडायची, झाकण काढायचं, आतला कागद बाजूला करायचा आणि मग तळाशी एक नोट. एरवी जी रक्कम त्याला आनंदाची वाटली असती, ती तुमच्या मेहनतीमुळेच कमी वाटायला लागते. मोठ्यांचंही फार वेगळं नसतं. लपवायला केलेलं वेष्टन लपवलेल्या गोष्टीकडेच बोट दाखवतं. म्हणून पाकीट रकमेच्या मापाचं करा आणि त्यावर त्या मुलाचं नाव घाला. खोका दुकानातून येतो, त्याच्यावर 'अन्वीसाठी' असं कुणी लिहिलेलं नसतं. तुमच्या पाकिटावर ते असेल.

आता वहिनींचं वाक्य. चारचौघांत बोलल्या म्हणून ते जास्त लागलं, हे मी समजू शकते. पण त्या वाक्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि तुम्हीही ती मान्य करून टाकलीत, की पैसे वाचवणं ही लाज वाटण्याची गोष्ट आहे. हिशेब मांडून बघा. बारा पाकिटांचे १८० रुपये होतात आणि ती पाकिटं संध्याकाळपर्यंत ओसरीवर पायाखाली येतात. त्याच पैशांत प्रत्येक मुलाला दहा रुपये जास्त देऊन वर साठ रुपये उरतात. तुमच्या घरात हा पैसा मोजून येतो. तो कागदावर घालवला नाही तर त्यात कंजूषपणा कसला?

शिवाय तुम्ही शिवण करता. खणाचे, साडीच्या काठांचे, ब्लाउजपीसचे तुकडे तुमच्याकडे रोजचे. दुसऱ्या कुणाला हे कापड विकत आणून शिंप्याकडे द्यावं लागेल. घरी केलेलं गबाळं दिसतं अशी भीती असते ती शेवटचा हात फिरवायचा राहतो म्हणून. कडा दुमडलेली नसते, दोरा लोंबत असतो, जुन्या कापडाचा विटका भाग नेमका पुढे आलेला असतो. गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला तुम्ही जशी आतून पट्टी लावता, तशीच पिशवीला लावा, मग ती जुन्या साडीची आहे हे कुणाच्या ध्यानात येणार नाही आणि आलं तरी आवडेल.

कागदाचं पाकीट करायची माझी रीत सांगते, इतर वाचकांनाही उपयोगी पडेल. सध्याच्या नोटांमध्ये दहाची नोट १२३ मिलिमीटर लांब आहे आणि पाचशेची १५०. रुंदी सगळ्यांची ६३ ते ६६ च्या आत. म्हणजे १६ बाय ८ सेंटिमीटरच्या पाकिटात कुठलीही नोट न दुमडता बसते. त्यासाठी १९ सेंटिमीटरचा चौकोन कापा. जूनमध्ये वह्यांना घातलेल्या खाकी कागदाचे तुकडे घरात असतात, नाहीतर पतपेढीच्या कॅलेंडरचं मागून कोरं असलेलं पान घ्या. डावीकडे-उजवीकडे दीड-दीड सेंटिमीटरवर उभ्या रेघा, खालून ८ आणि १६ सेंटिमीटरवर आडव्या. खालच्या भागाच्या बाजूच्या पट्ट्या तशाच ठेवायच्या, वरच्या दोन्ही भागांच्या कापून टाकायच्या. खालचा भाग वर दुमडा, पट्ट्या मागे वळवून चिकटवा, वरची ३ सेंटिमीटरची जीभ म्हणजे झाकण. जीभ चिकटवू नका, नुसती आत खोचा, म्हणजे पाकीट फाडावं लागत नाही आणि पुढच्या वर्षी परत वापरता येतं.

मैद्याची खळ भाद्रपदात वाळत नाही आणि तिला बुरा येतो, म्हणून फेव्हिकॉलच घ्या, तोही बोटाने पातळ फिरवून. झालेली पाकिटं रात्रभर जड पाटाखाली ठेवा. आपल्याकडच्या पावसात कागद कसा मऊ पडतो ते तुम्हाला सांगायला नको. घट्ट झाकणाच्या डब्यात, तळाशी मूठभर भाजलेले तांदूळ फडक्यात बांधून ठेवले, की पाकिटं गणपतीपर्यंत कडक राहतात.

वरचा एक रुपया गोंदाने चिकटवायची पद्धत आहे, ती सोडून द्या. मुलं तो नखाने उकरतात आणि नाणं चिकट राहतं. पाकिटाच्या पुढच्या बाजूला पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाचा तुकडा लावा. त्यात साधारण १२ मिलिमीटर अंतरावर दोन समांतर चिरा द्या, प्रत्येक नाण्याएवढ्या लांबीची. मधल्या पट्टीखाली नाणं सरकवलं की दोन्ही कडांनी ते दिसत राहतं आणि हलत नाही. लेकीला हे काम द्या, तिला जमेल आणि आवडेलही.

सगळ्यात लहान मुलांना मात्र मी नोट देणार नाही. त्यांना दहाची पाच नाणी आणि एक रुपया द्या, ५१ च होतात. खणाच्या तुकड्याचा साधारण २० सेंटिमीटरचा गोल कापून, काठाने नाडी ओवून बटवा करा. कसा शिवायचा ते तुम्हाला सांगणार नाही. त्या वयाला खुळखुळणारे पैसे नोटेपेक्षा जास्त वाटतात आणि बटवा पुढे गोट्यांना, चिंचोक्यांना उपयोगी पडतो. काही दुकानदार दहाचं नाणं घ्यायला कुरकुर करतात. चलनात असलेली दहाच्या नाण्याची चौदाही रूपं चालतात, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरीही वाडीतल्या दुकानदाराला आधी विचारून ठेवा, म्हणजे मुलाचं तोंड उतरणार नाही.

नोटांची फुलं आणि केक यांबद्दल मुलीला समजावून सांगा, पण तिला मोडीत काढू नका. नोटांना टाचण्या मारू नयेत, त्यांवर लिहू नये, त्यांचे हार करू नयेत, असं रिझर्व्ह बँक १९९९ च्या स्वच्छ नोट धोरणापासून सांगत आली आहे. गोंद लावलेली नोट सोडवताना फाटते आणि बदलून आणायचा खटाटोप ज्याला दिली त्याच्या गळ्यात पडतो. मुलीला काही करून बघायचंच असेल तर एक नोट पंख्यासारखी बारीक चुण्यांनी दुमडून मधोमध दोरा बांधायला सांगा, फुलपाखरू होतं. दोरा सोडला की नोट सपाट. पण हे मुलांसाठी. घरातल्या वयस्कर माणसांना नोट सरळ, सुटी, लगेच हाताला लागेल अशी द्यावी. पंचाहत्तरीच्या आत्याला फुलपाखरू सोडवत बसायला लावणं बरं नाही.

नव्या सुनेचा ओवसा ही या सगळ्यातली मोठी गोष्ट आहे, इथे हात आखडू नका. ती सूप घेऊन गौरीपुढे ओवसेल, मग एकेका वडीलधाऱ्याला ते देऊन वाकेल. त्या सुपात पानं असतात, फळं असतात, काकडी-भोपळ्याच्या फोडी, हळदकुंकू असतं. सगळं ओलसर. लोक त्यातच नोट टाकतात, संध्याकाळपर्यंत ती हळदीने पिवळी आणि दमट होते. कागदाचं पाकीटही तिथे टिकत नाही. तिच्यासाठी खणाचं चपटं पाकीट शिवा, १८ बाय ९ सेंटिमीटरचं, आत सुती अस्तर आणि झाकणाला एक टिचबटण. पाचशेची नोट १५ बाय साडेसहा सेंटिमीटरची, ती सपाट राहील. एक रुपयासाठी अस्तरावर छोटा कप्पा करा. हे पाकीट ती पुढे मंगळसूत्राचे सुटे मणी, बसचा पास, काहीही ठेवायला वापरेल. तिच्या लग्नातल्या कुठल्या ब्लाउजचं कापड तुमच्याकडे उरलं असेल तर त्याचंच करा. नवी मुलगी आहे, पहिल्या गौरीला सगळं घर तिच्याकडे बघत असतं. अशा वेळी कुणीतरी तिच्या कपड्याचा रंग लक्षात ठेवून काही शिवलं, हे तिला फार आधाराचं वाटेल.

ताई, तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला राहून राहून खटकली. तुम्ही देण्याचा सगळा हिशेब त्या ५१ रुपयांवर मांडलाय. चाकरमानी परत निघतात तेव्हा त्यांच्या पिशव्यांत काय असतं? आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी, आंबापोळी, ओले-सुके नारळ. हे तुम्ही चैत्र-वैशाखात उन्हात उभं राहून केलेलं असतं आणि मुंबईत विकत घ्यायला गेलं तर याला चांगले पैसे पडतात. तुमच्या घरातून जाणारं खरं मोठं देणं ते आहे. आणि नेमकं तेच आपण सगळ्या बायका कशात बांधतो? दुकानातून आलेल्या, गाठ मारलेल्या, आधी साबण ठेवलेल्या पिशवीत. शेवटच्या सकाळी घाईघाईने. ५१ रुपयांसाठी डबा करायचं मनात आलं, पण दोन महिने खपून केलेल्या आमसुलांना धड पिशवी मिळत नाही. यंदा मेहनत इकडे वळवा.

आमसुलं आंबट-खारट असतात, पाणी सोडतात, त्यामुळे पत्र्याच्या डब्यात कधी भरू नका, डबा गंजतो. काचेची बरणी असेल तर उत्तम, नाहीतर जाड पिशवी नीट बंद करून ती कापडी पिशवीत घाला. कापड गडद रंगाचं निवडा, लाल डाग पडला तरी दिसत नाही. कुळीथ भाजून दळलेलं पीठ पूर्ण निवल्याशिवाय बांधू नका, आतल्या वाफेने ते कोंदटतं. फणसपोळीला तेलाचा हात असतो, तिच्या दोन पोळ्यांमध्ये बटर पेपर घाला. वर्तमानपत्र अजिबात वापरू नका. छपाईची शाई खाण्यात उतरते म्हणून देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये पुन्हा एकदा तसा इशारा दिला आहे. गेल्या वर्षीची तुमची साडीची पिशवी चांगलीच होती, फक्त आत कागद आणि बाहेर एक चिठ्ठी हवी होती.

ती चिठ्ठी फार कामाची आहे. कशाचं आहे, कधी केलं आणि कुठल्या झाडाचं आहे. 'परसातल्या कापा फणसाची नाही, विहिरीजवळच्या बरक्याची' एवढं लिहिलं तरी मुंबईत पिशवी उघडणाऱ्याला ते झाड आठवतं, त्याच्यावर तो लहानपणी चढलेला असतो. पिठाच्या पिशवीला पिठीची कृती जोडा, चार ओळींत: पाणी किती, पीठ किती, फोडणीला लसूण ठेचून, आमसूल शेवटी. नव्या सुनेला आणि पुण्यातल्या मुलींना ती हवीच असते, फोन करून विचारायला मात्र संकोच वाटतो.

विरी (पोफळीच्या झावळीचा रुंद देठ) आणि करवंटी यांच्या वेष्टनाचं बरेच जण विचारतात म्हणून दोन शब्द. पोफळीची विरी तुमच्याकडे बागेतच पडते. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवली की वळते, कोपरे दुमडून हिराच्या काडीने टोचले की द्रोण किंवा चपटी पेटी होते. पण विरी जमवायची ती एप्रिल-मेमध्ये, पुसून, चुलीवरच्या माळ्यावर ठेवून. आत्ता पावसात उचललेली विरी आठवड्यात काळी पडते. करवंटीला वेळ लागतो. बाहेरच्या शेंड्या सुरीने खरवडायच्या, मग काचेच्या तुकड्याने, मग पॉलिश पेपरने घासत राहायचं, खरबरीतपणा गेला की खोबरेल तेलाचा हात. तपकिरी रंग आतून उजळून वर येतो आणि कडेला बोट फिरवलं तर कुठे अडकत नाही, तेव्हा झाली असं समजायचं. बारा करायला जाऊ नका, हात सोलून निघतील. एखादी करा, ज्याला मनापासून द्यायचं त्याच्यासाठी, आत चार खोबऱ्याच्या वड्या घालून. तिसऱ्यांच्या शिंपल्यांत नाणं ठेवून देतात तेही छान दिसतं, पण उकळून, घासून उन्हात ठेवले तरी वास राहतो आणि गणपतीच्या घरात ते कुणाला चालणार नाही. दिवाळीनंतर बघा.

एका गोष्टीची काळजी वाटते. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस तुमच्याकडे शिवणाची कामं सगळ्यात जास्त येत असणार. त्यातच घर सारवणं, पीठं, फराळ. या यादीत पाकिटांचं काम तुमच्या आणि मुलीच्याच अंगावर पडणार असेल तर बेत लहान करा. सुनेचं पाकीट आणि वानवळ्याच्या पिशव्या तेवढ्या तुम्ही शिवा, मुलांची पाकिटं मुलांनाच करू द्या. चाकरमान्यांची पोरं आदल्या दोन दिवसांत येतात, पावसामुळे घरातच अडकतात, मोबाईलवरून भांडतात. त्यांना खाकी कागद, कात्री आणि पट्टी द्या. मुलगेही बसू देत. आपलं पाकीट आपण करायचं, नाव दुसऱ्याने घालायचं. वेळ नाहीच मिळाला तर ते साधं छापील पाकीट आणा, मुलाचं नाव आणि एक ओळ लिहा, विषय संपला. त्यात काही कमीपणा नाही.

वहिनींशी गेल्या वर्षीचं काढून बोलावं का? माझं मत, गणपतीत नको. त्या दादरच्या गर्दीत जाऊन बारा मुलांसाठी खोके निवडतात, बांधून घेतात, गाडीतून आणतात, त्यांचाही जीव त्यात गुंतलेला असतो आणि कदाचित त्यांनाही कुणी 'छान आणलंत' म्हणत नसेल. तुम्ही म्हणा, मनापासून. मग पाकिटांवर नावं घालायला त्यांना बोलवा: "वहिनी, तुमचं अक्षर चांगलं आहे, एवढी नावं घालून द्याल?" ज्या कामाला त्यांचा हात लागलाय त्याला त्या नाव ठेवणार नाहीत. आणि ठेवलंच, तर तिथेच शांतपणे सांगा, "हो, पैसे वाचवले. वाचलेले मुलांच्या पाकिटात घातले."

राहिला देणं बंद करण्याचा प्रश्न. एकट्याने गुपचूप बंद करू नका, मुलांच्या ते लक्षात येतं आणि लोक नको ते अर्थ काढतात. ओढाताण होत असेल तर काही घरांतली रीत तुम्हालाही बघता येईल: प्रत्येक बिऱ्हाडाने आपल्याला झेपेल तेवढे पैसे एकत्र टाकायचे आणि मुलांना घराचं मिळून एकच पाकीट द्यायचं. त्यात कुणी किती घातले हे दिसत नाही, तुलना आपोआप थांबते. काकूच्या हातून मिळण्यातली गंमत मात्र जाते, म्हणून यंदाच तसं करा असं मी म्हणणार नाही. विसर्जनानंतर हिशेबाला सगळे भाऊ बसतात ना, तेव्हा यजमानांना तो विषय काढायला सांगा. त्या बैठकीत जावाही बसल्या पाहिजेत, कारण पाकिटं त्याच भरतात.